ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा का?

अंबाजोगाईच्या एका ताईंनी विचारलंय, टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) अभ्यास चालूय, बालमानसशास्त्राच्या नोट्समधी "ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा" असं लिहिलंय, हे बरोबर आहे का. नाही ताई, ते खोडूनच टाका. लई जण असंच पाठ करायलेत आणि तेच पुढं वर्गात घेऊन जातेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रबलन हा शब्द आला की एकच गोष्ट धरायची, ते वर्तन वाढलं पाहिजे, पुन्हा पुन्हा व्हायला पाहिजे. शिक्षेनं वर्तन कमी होतं. मग ऋण कशाला लावलं? तर ते गणितातलं वजा आहे, वाईट ह्या अर्थानं नाही. काहीतरी त्रासाचं काढून घेतलं आणि त्यामुळं वर्तन वाढलं, की झालं ऋण प्रबलन. स्किनर ह्या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगाच्या पेटीतल्या उंदराच्या पायाखाली करंट असायचा, कळ दाबली की तो बंद व्हायचा, मग उंदीर कळ दाबायला शिकायचा.

उंदीर राहू द्या, आपला औताचा बैल घ्या. बैल तासात मधीच थांबला, मागून तुतारीची, म्हणजे बैल हाकायच्या काठीची, टोकदार आर टोचली, त्यानं पाय उचलला की टोचणं बंद. टोचणं गेलं म्हणून चालणं पक्कं झालं, हे ऋण प्रबलन. पुढं पुढं तर तुतारी नुसती वर केली तरी बैल चालायला लागतो, टोचायची पाळीच येत नाही. पहिल्यात त्रासापासून सुटका होती, दुसऱ्यात त्रास टाळला, दोन्ही ऋण प्रबलनातच येतंय. आता तोच बैल शेजारच्या उभ्या ज्वारीत तोंड घालायला गेला आणि पाठीवर चाबूक बसला, तोंड घालणं कमी झालं, तर ती शिक्षा. आणि मुसकं बांधलं तर ह्यातलं काहीच नाही, त्यात बैल शिकत नाही, नुसता अडवला जातो.

कुणी म्हणंल, आर टोचली ती थांबल्याची शिक्षाच झाली की. थांबण्याच्या बाजूनं बघितलं तर हो, चालण्याच्या बाजूनं बघितलं तर ऋण प्रबलन. म्हणून कोणत्या वर्तनाबद्दल बोलायलोत ते आधी ठरवायचं, मगच नाव द्यायचं, हे नोट्समधी कुणी सांगतच नाही.

घोळाला जुनं कारणही आहे. खुद्द स्किनरनं 1938 च्या पुस्तकात ऋण प्रबलन हा शब्द शिक्षेसारख्या अर्थानंच वापरला होता, आजचा अर्थ त्यानं 1953 च्या पुस्तकात घेतला. आज परीक्षेत नंतरचाच अर्थ धरायचा.

दुकानासमोर लेकरू कुरकुऱ्यासाठी रडतंय, आई वैतागून घेऊन देती, रडणं थांबतं. लेकराला कुरकुरे मिळाले म्हणून त्याचं रडणं वाढणार, ते धन प्रबलन. आईच्या कानाचा त्रास गेला म्हणून तिचं घेऊन देणं वाढणार, ते ऋण प्रबलन. एकाच प्रसंगात दोघं दोन वेगळ्या गोष्टी शिकायलेत, मला हे उदाहरण सगळ्यात जास्त आवडतं, कारण इथं कुणी कुणाला मारलेलं नाही तरी ऋण प्रबलन झालंय.

अजून एक, पोराचा मोबाईल काढून घेतला आणि त्याचा उद्धटपणा कमी झाला तर काय? काढून घेतलं म्हणून लोक पटकन ऋण प्रबलन लिहितेत, पण वर्तन कमी झालंय, म्हणजे ती ऋण शिक्षा. वर्गात "चाचणीत सगळी गणितं बरोबर आली तर आजचा गृहपाठ माफ" म्हणलं आणि त्यानं पोरं जास्त सराव करायला लागली तर ते ऋण प्रबलन. छडीला मात्र ऋण प्रबलनाचं नाव देऊन वर्गात आणू नका, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक त्रासाला बंदीच आहे.