वादळ मध्येच थांबलं तर बाहेर पडायचं का?

प्रश्न: आमचं घर श्रीवर्धन तालुक्यात, खाडीकाठी, कौलारू. मुलगी फ्लोरिडात असते, ती फोनवर तिकडच्या वादळांचं कॅटेगरी 2, कॅटेगरी 4 असं सांगते. आपल्याकडे तसं काही असतं का? आणि 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी वारा एकदम पडला तेव्हा हे आणि माझे दीर उडालेले पत्रे गोळा करायला धावले, मी नको नको म्हणत होते. माझं बरोबर होतं ना?

उत्तर: ताई, तुमचंच बरोबर होतं! वादळाच्या मधोमध डोळा असतो, तो डोक्यावरून जाताना वारा पडतो, कधी कधी तर ऊनसुद्धा येतं आणि माणसाला वाटतं झालं, गेलं. पण डोळा पुढे सरकला की वारा पुन्हा येतो आणि उलट बाजूने येतो, म्हणजे आधी एका अंगाला झुकलेल्या पोफळी आता दुसऱ्या अंगाला ओढल्या जातात, सैल झालेली कौलं, मुळं हललेली झाडं तेव्हा पडतात. म्हणून जिल्ह्याच्या कंट्रोल रूमकडून वादळ गेलं असं कळेपर्यंत दार उघडायचं नाही. नंबर 1077.

आता कॅटेगरी. तिकडचं हरिकेन आणि आपलं चक्रीवादळ एकच. तिकडे ताशी 119 किमी वाऱ्याला कॅटेगरी 1 लागते, आपलं हवामान खातं 62 ला चक्रीवादळ, 89 ला तीव्र, 118 ला अतितीव्र म्हणतं. पण हे सगळं फक्त वाऱ्याचं माप आहे, पाण्याचं नाही आणि खाडीकाठी खरी भीती पाण्याची. 2005 चं अमेरिकेतलं कतरिना वादळ किनाऱ्याला लागलं तेव्हा कॅटेगरी 3 होतं, तरी मिसिसिपीच्या किनाऱ्यावर समुद्र 8 मीटरच्या वर चढला!

आणखी एक, हे फार कमी लोकांना माहीत असतं. आपल्या किनाऱ्यावर वादळ जिथे आत शिरतं त्याच्या दक्षिणेच्या गावांत वारा समुद्राकडून येतो आणि पाणी आत ढकलतो, त्यामुळे "अलिबागला जातंय, आपण सुटलो" असं हरिहरेश्वरवाल्यांनी म्हणू नये. त्यात अमावस्या-पौर्णिमेचं उधाण आणि भरतीची वेळ जुळली तर खाडी घरात येते, म्हणून ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला की तिथी आणि भरतीची वेळ बघा आणि आदल्या दिवशी उजेडातच म्हाताऱ्यांना घेऊन उंचावरच्या स्लॅबच्या घरात किंवा शाळेत जा, गुरांची दावी सोडून द्या.

नंतर लाईट नसली तरी पडलेल्या तारेला हात लावू नका, कुणाचा जनरेटर चालू असला तर त्याच तारेत उलटा करंट येतो. आणि जनरेटर पडवीतसुद्धा नको, धूर घरात शिरतो, तो अंगणात लांब ठेवा.