पोराला बाइक रेसिंगला घालताय? आधी गाडी घेऊ नका

दादा, तुमचं पोरगं १५ वर्षांचं, मित्राची गाडी घेऊन पन्हाळ्याच्या घाटात जातंय, आणि आता सेकंडहँड यामाहा आर १५ घेऊन इथल्या उद्यमनगरातल्या गॅरेजात रेससाठी तयार करून देऊ का असं विचारलंय तुम्ही. माझं सरळ सांगणं आहे, गाडी घेऊ नका. आणि घाट आजच बंद करा, लायसन नाही, समोरनं एसटी येते, तिथं शिकलेलं ट्रॅकवर काही कामाला येत नाही.

मी स्वतः हेच केलं होतं. ओळखीच्या गॅरेजला गाडी दिली, हेड पॉलिश, एक्झॉस्ट, काय काय केलं, बक्कळ पैसे घातले आणि टेम्पोत टाकून चेन्नईला नेली. स्क्रुटिनीत, म्हणजे रेसच्या आधीच्या गाडीच्या तपासणीत, पहिल्या अर्ध्या तासात बाहेर. स्टॉक क्लास म्हणजे इंजिन आतनं कंपनीनं दिलं तसंच पाहिजे हे गॅरेजवाल्यालाही माहीत नव्हतं आणि मीही नियमांचं पुस्तक उघडलं नव्हतं. वर ऑइलच्या ड्रेन बोल्टला लॉकवायर (बोल्ट सुटू नये म्हणून बांधायची तार) नाही, ऑइल गळलं तर अडवायला बेली पॅन नाही, रेडिएटरमध्ये साधं पाणी हवं तर आमच्यात कूलंट (ते ट्रॅकवर सांडलं की मागचे सगळे घसरतात). ९०० किमीच्या वर जाऊन दोन दिवस दुसऱ्यांच्या रेस बघितल्या आणि परत आलो.

आता तुमच्या पोरासाठी चांगला रस्ता कुठला, तर वन मेक सिरीज. म्हणजे शोरूममध्ये मिळते तीच गाडी, पण सगळ्यांना एकच मॉडेल, एकसारखी तयार केलेली. टीव्हीएसची वन मेक चॅम्पियनशिप १९९४ पासून चालू आहे, नवख्यांना अपाचे आरटीआर २०० असते. गाडी कंपनीची, मेकॅनिक त्यांचे, आधी ट्रॅकवर सिलेक्शन होतं, टायमिंग बसलं तर नंबर लागतो. इथं बापाचा खिसा पळत नाही, पोरगंच पळतं, आणि हरलं तर गाडीवर ढकलता येत नाही, म्हणूनच शिकतं. होंडाच्या टॅलेंट कपचं नाव ऐकलं असेल तुम्ही, पण २०१९ पासून तिथं एनएसएफ २५० आर होती, ती शोरूमची गाडी नव्हे, मोटो ३ या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या छोट्या क्लासच्या जातीची, ८४ किलोची. आर १५ तर १४० किलोच्या घरात जाते. दोन्ही चालवणं अगदी वेगळं आहे. सुरुवातीला जड, कमी ताकदीची गाडीच बरी असं माझं मत, कारण कोपऱ्यात स्पीड घालवला की तो परत मिळवायला ताकदच नसते, त्यामुळं ब्रेक कधी सोडायचा ते आपोआप कळायला लागतं.

पण याच्यातच एक धोका आहे आणि तो तुम्हाला माहीत पाहिजे. गाड्या सारख्या असल्या की कोणी सुटून पुढं जात नाही, सगळा घोळका एकमेकांच्या हवेत चिकटून पळतो, आणि पुढचा पडला तर मागच्याला वळायला जागाच नसते. २०२१ ला स्पेनमध्ये जेरेझला सुपरस्पोर्ट ३०० या छोट्या गाड्यांच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये १५ वर्षांचा पोरगा अपघातात गेला, त्यानंतर एफआयएमनं, म्हणजे बाइक रेसिंगच्या जागतिक संघटनेनं, किमान वयाची अट वाढवली. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या चेन्नईच्या ट्रॅकवर बंगळूरचा १३ वर्षांचा मुलगा अपघातात गेला, राहिलेल्या रेस रद्द झाल्या. हे घाबरवायला सांगत नाही. पण घरात वहिनींना हे लपवून पोराला नेऊ नका, दोघांनी बसून ठरवा.

म्हणून गाडीचे पैसे दुसरीकडं घाला. फुल फेस हेल्मेट, नवीन, डबल डी रिंगचं (दोन कड्यांतनं पट्टा ओवून घट्ट करायचं), सेकंडहँड हेल्मेट कधीच नाही. एकसंध लेदर सूट, बॅक प्रोटेक्टर, घोट्याच्या वर जाणारे रेसिंग बूट, मनगट झाकणारे ग्लोव्हज. उरलेले रेसिंग स्कूलला, चेन्नईत रजनी कृष्णन यांची अकॅडमी आहे, तिथं आधी दोन दिवस घाला आणि कोच काय म्हणतो ते ऐका. स्पर्धेला एफएमएससीआयचं (देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना) लायसन आणि मेडिकल लागतं, १८ च्या आतला असेल तर पालकांची सही, ते आधीच करून ठेवा, ऐनवेळी धावपळ नको. आणि तोपर्यंत कोल्हापुरातच मोहितेंचा कार्टिंग ट्रॅक आहे की, राष्ट्रीय कार्टिंगच्या राउंड झाल्यात तिथं. चार चाकं असली तरी लाइन (वळणातनं गाडी कुठनं न्यायची ते), ब्रेकिंग पॉइंट, लांब बघणं हे सगळं तिथं शिकता येतं.

धाकटीला पण आवड आहे लिहिलंय. तिलाही घेऊन जा. २०१८ ला सुपरस्पोर्ट ३०० चं वर्ल्ड टायटल स्पेनच्या आना कारास्कोनं निन्जा ४०० वर १ पॉइंटनं घेतलं, समोर जवळपास सगळी पोरंच होती.

चेन्नईला जायचं सोपं आहे, तावडे हॉटेलवरनं हायवेला लागलात की बेळगाव, बंगळूर करत तोच हायवे इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅकपाशी जातो. सीझन साधारण जूनपासून, तेव्हा दहावी होऊ दे निवांत.

माझा जुना लेदर सूट घरात पडून आहे, तो घालून मी कधी पडलेलो नाही. रविवारी सकाळी पोराला घेऊन या, घालून बघू. खांद्यात, गुडघ्यात घट्ट बसला तर घेऊन जा, सैल झाला तर देणार नाही, पडल्यावर सैल सूटातलं पॅडिंग जागेवर राहत नाही.