उद्याचा भरवसा नसताना देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे?

आपण लिहिले आहे की कंत्राटी नोकरीची मुदत मार्चमध्ये संपते आहे, वडिलांच्या आजाराचे निदान अजून झालेले नाही, आई ‘देवावर सोड’ म्हणते आणि मंडळीतले (चर्चमधले) लोक बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले, 29व्या अध्यायातले 11वे वचन मोबाइलवर पाठवत राहतात. ही आशा म्हणजे मनाची समजूत नव्हे कशावरून, आणि भरवसा ठेवायचा म्हणजे हातावर हात ठेवून बसायचे का, असा आपला प्रश्न आहे. मी पाळक नाही आणि धर्मशास्त्रही शिकलेलो नाही. नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती शेतकरी घरात वाढलेला आणि पुढे एकदा 11 महिने बेकार राहिलेला माणूस म्हणून मी हे उत्तर लिहितो आहे.

ज्या वचनाचा आपल्याला आता कंटाळा आला असावा, त्याच्यापासूनच सुरुवात करतो. परमेश्वराच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत आणि ते आशा देणारे आहेत, असे ते वचन सांगते. पण ते एका पत्रातले आहे आणि ते पत्र कोणाला लिहिले होते हे संदेश पाठवणारे सहसा सांगत नाहीत. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमचा राजा, सरदार, कारागीर आणि लोहार यांना कैद करून बाबेलला नेले. घर, शेत आणि मंदिर मागे टाकून गेलेल्या त्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमहून हे पत्र धाडले. आपल्याला येणाऱ्या 11व्या वचनाच्या अगदी आधी, 10व्या वचनात, सुटकेला 70 वर्षे लागतील असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे ते पत्र ज्यांनी प्रथम ऐकले, त्यांच्यातल्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीची वाट दिसणार नव्हती. तरीही हे वचन त्यांनाच दिले गेले.

त्याच सुमारास दुसराही एक संदेष्टा बोलत होता. हनन्या नावाच्या या माणसाने मंदिरात सर्वांसमोर सांगितले की 2 वर्षांत सगळे परत येतील. यिर्मयाने त्यावर ‘आमेन, परमेश्वर तसेच करो’ असे म्हटले, आणि मला ही जागा फार आवडते, कारण यिर्मयालाही तेच हवे होते. फक्त ते खरे नव्हते. मी बेकार असताना एका प्रार्थनासभेत एका भल्या माणसाने माझ्या डोक्यावर हात ठेवून ‘3 महिन्यांत याहून चांगली नोकरी मिळेल’ असे सांगितले होते. त्यांचा हेतू चांगला होता. पण चौथा महिना लागला तेव्हा माझी काळजी तर गेली नव्हतीच, शिवाय आपला विश्वास कमी पडला अशी अपराधी भावना तिच्यात मिसळली होती. तारीख घालून दिलेली आशा अशीच मोडते, आणि मोडली की माणूस देवाला तरी दोष देतो किंवा स्वतःला तरी.

हातावर हात ठेवून बसण्याचा प्रश्न त्या पत्राने 5व्या ते 7व्या वचनातच निकालात काढला आहे. घरे बांधा, मळे लावा, त्यांचे फळ खा, मुलामुलींची लग्ने करा, आणि ज्या परक्या शहरात नेले गेला आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असे तिथे सांगितले आहे. यिर्मयाने स्वतःही हेच केले. 32व्या अध्यायात यरुशलेमला वेढा पडलेला आहे, तो स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि अशा वेळी तो आपल्या चुलतभावाकडून अनाथोथचे शेत 17 शेकेल चांदी मोजून विकत घेतो. साक्षीदारांच्या सह्या होतात, आणि खरेदीखत दीर्घकाळ टिकावे म्हणून मातीच्या भांड्यात ठेवले जाते. आमच्याकडे सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे खेटे घातलेल्या कोणालाही हा अध्याय चटकन कळतो. व्यवहार पुरा झाल्यावर मात्र यिर्मया देवाला विचारतो की शहर तर शत्रूच्या हाती चालले आहे आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? भरवसा आणि बुचकळ्यात पडणे एकाच माणसाच्या मनात एकाच दिवशी राहू शकतात, हे मी तिथे शिकलो. (यिर्मयाने शेत घेतले, आम्हाला त्या 11 महिन्यांत गावाकडचे 10 गुंठे विकावे लागले. दोन्ही गोष्टी प्रार्थना करूनच झाल्या.)

बायबलच्या नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस पत्र’ या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे. लहानपणी मी समुद्र पाहिलेला नव्हता, त्यामुळे नांगर म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर बैलांमागे चालणारे वडीलच येत, आणि आशा ही जमीन उकरणारी काहीतरी वस्तू असावी असे मला कितीतरी वर्षे वाटत होते. खरा अर्थ जहाजाच्या नांगराचा आहे, आणि रोममधल्या भुयारी दफनभूमींत आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी थडग्यांवर तोच कोरला आहे. नांगर टाकलेले जहाज हलायचे थांबत नाही, ते फक्त वाहून जात नाही. आणि त्याला धरून ठेवणारे टोक पाण्याखाली असल्यामुळे दिसत नाही. तरी माझा बालपणीचा अर्थ मी अजून पुरता सोडलेला नाही, कारण पीक येईल की नाही हे ठाऊक नसताना नांगरट करणे यिर्मयाच्या खरेदीखतापासून फार दूर नाही.

आता समजुतीचा मुद्दा. मनाची समजूत घालणारा माणूस ‘सगळे ठीक होईल’ एवढेच म्हणू शकतो, कारण उलटे घडले की त्याच्या हाती काही उरत नाही. ख्रिस्ती आशेला ‘कदाचित ठीक होणार नाही’ हेही म्हणता येते. अटकेच्या आदल्या क्षणी गेथशेमाने बागेत येशूने हा दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना केली आणि तो टळला नाही, त्याला क्रूसावर मरावे लागले. आमच्या आशेचा पाया, तो तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठला, यावर आहे. पुनरुत्थान खरे नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ आहे, हे येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना आडपडदा न ठेवता लिहिले. ते मी आपल्याला सिद्ध करून दाखवू शकत नाही. पण भरवसा आहे तो त्यावर, मार्चमध्ये कंत्राट वाढेल यावर नव्हे, आणि या दोहोंची गल्लत झाली की वचने पोकळ वाटू लागतात.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला वारंवार आठवते. तरुण वयातच दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली, मग भाऊ, मग लग्नानंतर थोड्याच काळात पती. 1896-97 च्या दुष्काळात त्याच बाईंनी उपाशी मुलींना केडगावला आणून सांभाळले. 1921 मध्ये, ज्या मुलीकडे काम सोपवायचे ती मनोरमाही गेली, आणि 1922 मध्ये रमाबाई स्वतः गेल्या; आयुष्याच्या अखेरच्या वर्षांतही बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या हातून चालूच होते. हे दुःख अमुक कामासाठीच दिले गेले होते, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणाऱ्यांपासून आपणही थोडे दूर राहावे.

माझ्यापुरते सांगायचे तर 12व्या महिन्यात मला आधीपेक्षा कमी पगाराची नोकरी लागली आणि आजही तीच आहे. बेकारीच्या दिवसांत उपयोगी पडले ते असे : रोज सकाळी अर्ज पाठवणे, खर्चाचा हिशेब पत्नीपासून न लपवणे, आणि रात्रीच्या कुटुंबप्रार्थनेत मला शब्द सुचत नसत तेव्हा आईने स्तोत्र वाचणे व मी नुसते बसून राहणे. झोप उडाली असेल तर डॉक्टरांकडे जावे. त्याने विश्वासाला कमीपणा येत नाही. वडिलांच्या तपासण्या ठरल्या वेळी व्हाव्यात. आणि आईचे ‘देवावर सोड’ ऐकून चिडण्याआधी तिला एकदा विचारून पाहा, की तिने आजवर काय काय देवावर सोडले आणि त्या दिवसांत सकाळी उठल्यावर ती काय करत असे.