आजोबा बेने इस्रायल, हातात कागद नाही: सुरुवात कुठून?

तुमची पोस्ट वाचून जुनी जखम उघडी पडली. वय २४, आजी-आजोबा अलिबागकडचे बेने इस्रायल (कोकणातले मराठी बोलणारे ज्यू), वडिलांचं लग्न समाजाबाहेर, घरात चौकटीवरचा मेझुझा (दाराला लावतात ती धर्मवचनांची डबी) तेवढा उरलेला. आणि आता एका कार्यालयाने ‘ज्यू असल्याचा दाखला आणा’ म्हणून परत पाठवलंय. शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारपर्यंतचा विश्रांतीचा दिवस), कोशर (खाण्यापिण्याचे नियम) वगैरे समजावत बसत नाही, ते तुम्हाला ठाऊक असणारच.

आधी एक गुंता सोडवा. ‘मी ज्यू आहे का?’ हे दिसायला एक वाक्य असलं तरी त्यात तीन वेगळे प्रश्न आहेत. धर्मशास्त्राप्रमाणे (हलाखा) ओळख आईकडून येते, त्यामुळे पारंपरिक सिनेगॉगमध्ये (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) तुम्हाला मिन्यानच्या, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत धरणार नाहीत. ज्यूंना तिथे येऊन राहायचा हक्क देणारा इस्रायलचा परतीचा कायदा १९५० चा, पण १९७० च्या दुरुस्तीने त्यात नातवंडंही आली. म्हणजे स्थलांतराला आजोबा पुरतात, तिथल्या रब्बीनेटकडे (रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या अधिकृत मंडळाकडे) लग्न लावायला पुरत नाहीत. तिसरा प्रश्न समाज तुम्हाला आपलं मानतो का, आणि त्याचं उत्तर कुठल्याच कागदात नसतं. अमेरिकेतल्या रिफॉर्म (सुधारणावादी) पंथाच्या रब्बींनी १९८३ मध्ये वडिलांकडची वंशरेषाही मान्य केली, पण ज्यू म्हणून वाढवलं असेल तरच. मुंबईत उदारमतवादी धाटणीची ज्युइश रिलिजियस युनियन १९२५ पासून आहे, तिथेही विचारून पाहा.

आता आमची घोडचूक. आम्हीही असाच अर्ज केला होता, त्यात लिहिलं होतं, ‘आम्ही ज्यू असल्याचा दाखला मिळावा.’ हा निवाडा झाला, आणि निवाडा करायची हिंमत कुठलाच कारकून करत नाही. त्याने अर्ज समितीकडे ढकलला, समिती म्हणाली धर्मगुरूंना विचारा, धर्मगुरू म्हणाले आधी कागद आणा. वर्ष उलटून गेलं. त्या कार्यालयाचं नाव घेत नाही, पण ‘पुढच्या आठवड्यात या’ हे त्यांच्या भिंतीवरच कोरून ठेवायला हवं. मागायचा होता नुसता उतारा: ‘अमुक आणि अमुक यांच्या लग्नाच्या नोंदीची सही-शिक्क्याची नक्कल द्यावी.’ हे वहीत बघून उतरवायचं काम आहे. वही सापडली तर सेक्रेटरी एका दुपारीत करून देतो. अर्जात वर-वधू दोघांची नावं, दोघांच्या वडिलांची नावं, साल दोन वर्षं पुढे-मागे धरून, गाव किंवा मोहल्ला आणि कारण एका ओळीत, एवढंच लिहा. सोबत तुमचा आणि वडिलांचा जन्मदाखला जोडा, म्हणजे साखळी तुटत नाही. आईचा धर्म तिथे लिहायचं काम नाही. कुणी विचारलाच तर मात्र खरं सांगा.

नोंद कुठे असेल? लग्न बहुधा नवरी किंवा नवऱ्याच्या गावच्या सिनेगॉगमध्ये, नाहीतर मुंबईत. तिन्हीकडे एकाच वेळी विचारा. मुंबईतलं सगळ्यात जुनं शआर हाराहामीम १७९६ चं, ठाण्याचं १८७९ चं. केतुबा (लग्नाचा करार) घरात सापडला तर सोन्याहून पिवळं. त्यात हिब्रू तारीख, गाव, दोघांची वडिलांसह नावं आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असतात. आणि तो लॅमिनेट करू नका, हात जोडून सांगतो. प्लास्टिकच्या आतल्या कागदावर पुढे साक्षांकनाचा शिक्का बसत नाही, आणि सोलायला गेलं की शाईच निघून येते. आम्लरहित कागदात सपाट ठेवा, दोन्ही बाजूंनी स्कॅन करा.

केतुबा नसेल तर कबरीचा दगड बघा. त्यावरच्या हिब्रू सालात पाच हजारांचा आकडा बहुतेक वेळा गाळलेला असतो. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकड्याची किंमत असते: तॉव, रेश, त्सादी, बेत म्हणजे ४०० + २०० + ९० + २ = ६९२. त्यात १२४० मिळवा, १९३२ येतं. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला बदलतं, म्हणून तिथपासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला १२३९ मिळवा. अक्षरं पुसट असतील तर सकाळी किंवा उतरत्या उन्हात, तिरप्या उजेडात फोटो घ्या आणि हवं तर साधं पाणी शिंपडा. खडू, तारेचा ब्रश, ॲसिड यांतलं काही लावू नका.

नावांवरून गोंधळ होतोच. शआर हाराहामीम बांधणारे सामुएल एझेकिएल दिवेकर मराठीत सामाजी हसाजी दिवेकर. तुमचे आजोबा शाळेत एका नावाने आणि सिनेगॉगच्या वहीत दुसऱ्याच नावाने असू शकतात. त्यासाठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा. घाईने गॅझेटमध्ये नाव बदलायला जाऊ नका, त्याने जुळण्याऐवजी आणखी एक स्पेलिंग वाढतं. त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला मात्र काढाच, त्यात धर्म आणि जातीचा रकाना असतो. नुसत्या आडनावावर विसंबू नका, दिवेकर नि पेणकर हिंदूही आहेत. डीएनए चाचणीचे पैसे वाचवा. उताऱ्याची जागा ती घेत नाही, असं माझं मत. (मी वकीलही नाही नि रब्बीही, नियम बदलतात, इस्रायलच्या वकिलातीत खात्री करून घ्या.)

कागदांची वाट बघत घरी मात्र बसू नका. प्रार्थनेला बसायला दाखला लागत नाही. फक्त अचानक जाऊ नका: २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यात नरिमन हाऊस हे ज्यू केंद्र लक्ष्य झालं, तेव्हापासून दारावर चौकशी कडक असते. बुधवार-गुरुवारी फोन करा, शनिवारी कुणी उचलणार नाही. फोटो असलेलं ओळखपत्र न्या, शब्बाथला मोबाइल बंद ठेवा. मिन्यानला माणसं कमी पडतात, त्यामुळे कुणी उत्साहाने ‘या, दहावे!’ म्हणेल. तेव्हाच हळू आवाजात आईबद्दल सांगा. प्रार्थना सुरू झाल्यावर कळलं तर सगळ्यांचीच पंचाईत होते.

आणि आजीची धाकटी बहीण आहे म्हणता ना, तिच्याकडे याच आठवड्यात जा. सणांची हिब्रू नावं तिला परकी वाटतील, म्हणून ‘योम किप्पूर’ (प्रायश्चित्ताचा उपास) विचारू नका, ‘दारफळणीचा सण’ विचारा. रोश हशाना (नववर्ष) म्हणजे नव्याचा सण, तिशा बेआव (मंदिरांच्या विध्वंसाच्या शोकाचा उपास) म्हणजे बिरड्याचा. मलिदा (बेने इस्रायलांचा नैवेद्य) करायला सांगा: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची आणि वर फळं. अर्धा किलो पोह्यांना एक मोठा नारळ पुरतो. पोहे नुसते ओले करून निथळत ठेवा, पाण्यात पडून राहिले तर लगदा होतो. ताट वाढताना ती एलियाहू हानाबीचं (प्रेषित एलियाचं) गाणं म्हणायला लागली की रेकॉर्डिंग चालू करा, आणि मध्येच न अडवता तिच्या आई-वडिलांची नावं, गाव आणि तुमच्या आजी-आजोबांचं लग्न कुठे लागलं ते विचारून घ्या. अर्जात तेच भरायचंय.