वेरूळमार्गे जपानी वाद्यवृंदाकडे

प्रश्न : पु. ल. देशपांडे उद्यानातली जपानी बाग पाहिल्यापासून तिकडच्या संगीताची ओढ लागली आहे. पण मोबाइलवर शोधलं की झोपेसाठीची बासरी, नाहीतर कार्टूनची गाणी. मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेलं आधुनिक जपानी संगीत कुठून ऐकायला लागू?
– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : वेरूळपासून! ‘राशोमोन’ ही कथा लिहिणाऱ्या र्‍युनोसुके अकुतागावांचा मुलगा यासुशी हा संगीतकार. वेरूळची लेणी पाहून त्यानं १९५८ साली ‘एलोरा सिम्फनी’ लिहिली. छोटे छोटे तुकडे. काही संथ, दबक्या आवाजातले, तर काहींत तालवाद्यं एकच ठेका धरून अक्षरशः घण घालतात. तुम्ही कैलास लेणं पाहिलं असेल, तर हे संगीत परकं वाटणारच नाही. नॅक्सॉस कंपनीच्या जपानी मालिकेत याचं उत्तम ध्वनिमुद्रण आहे : न्यूझीलंड सिम्फनी ऑर्केस्ट्रा, संचालक ताकुओ युआसा.

मग तोरू ताकेमित्सु. त्याची ‘नोव्हेंबर स्टेप्स’ (१९६७) मला फार प्रिय आहे. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या १२५व्या वर्षासाठी ती लिहिली गेली. शाकुहाची ही बांबूची बासरी आणि बिवा हे तंतुवाद्य, दोन्ही पाश्चात्त्य वाद्यवृंदासमोर बसतात. पण जुगलबंदीची वाट पाहू नका. वाद्यवृंद बराच वेळ गप्प राहतो. शाकुहाचीत सुरांइतकाच श्वास ऐकू येतो, बिवावर तारा छेडायच्या पट्टीचा आघात थेट लाकडावर पडतो. सवाई गंधर्वला बसून ज्यांचा कान विलंबितात रमलाय, त्यांना ही शांतता जड जाऊ नये. संचालक सेइजी ओझावा आणि टोरंटो सिम्फनीचं ध्वनिमुद्रण घ्या. वादक तेच, ज्यांनी पहिला प्रयोग केला : योकोयामा आणि त्सुरुता.

तोशिरो मायुझुमीची ‘निर्वाण सिम्फनी’ (१९५८) मात्र मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. बौद्ध मंदिरांच्या घंटांच्या नादाचं पृथक्करण करून त्यानं तो वाद्यवृंदात उतरवला आहे. त्यातला खर्ज आणि पुरुषांचं मंत्रपठण यांना चांगला हेडफोन हवाच. घरात मुलं असतील तर आकिरा इफुकुबे लावा. ‘गॉडझिला’चं संगीत त्याचंच, आणि अकुतागावा, मायुझुमी हे दोघेही त्याचे विद्यार्थी.

शोधताना ‘जपानी संगीत’ असं टाकू नका. रोमन लिपीत संगीतकाराचं नाव, कृती आणि संचालक, तिन्ही टाका.