रेंज गेली आणि खातं रिकामं झालं

प्रश्न: ताई, परवा रात्री फोनची रेंज अचानक गेली, वाटलं नेटवर्कचा घोळ असेल, सकाळी वायफायवर मेल बघितले तर खात्यातून तीनदा पैसे गेलेले. ओटीपी मी कुणालाच दिला नाही, मग झालं कसं?

उत्तर: तुमची चूक नाही हो, आधी ते मनातून काढा. हे सिम स्वॅप दिसतंय, म्हणजे कुणीतरी तुमची माहिती आणि ओळखपत्राची कॉपी वापरून तुमच्याच नंबरचं नवीन सिम काढलं, ते चालू झालं की जुनं बंद पडतं आणि ओटीपी सगळे तिकडे. आत्ताच्या आत्ता दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं, कार्ड बंद करा, तक्रार नंबर लिहून घ्या, बँकेचा फोन नंबर कार्डामागचाच लावा, सर्च करून मिळालेला नको, तिथेही भामटे बसलेत. मग सिम कंपनी आणि पोलिसात लेखी तक्रार.

ईमेलचा पासवर्डही आजच बदला, बाकीचे सगळे तिथूनच रीसेट होतात ना, आणि सेटिंगमध्ये कुणी मेल फॉरवर्डिंग, म्हणजे तुमचे मेल आपोआप दुसऱ्याकडे जाण्याची सोय, लावून ठेवलंय का बघाच, हे भले भले विसरतात. पुढचे काही महिने क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद, तपासत राहा, तुमच्या नावावर कुणी कर्ज काढलं तर तिथेच दिसेल.