परदेशी पुनर्वसनासाठी अर्ज करता येतो का?

प्रश्न : आम्ही कोल्हापूरजवळच्या गांधीनगरचे सिंधी. दुसऱ्या महायुद्धात वळीवड्याच्या छावणीत आसऱ्याला आलेले पोलिश लोक गेल्यावर तेथील एका बराकीत आमच्या आजोबांना खोली मिळाली. त्यांच्या चुलतभावाची नातवंडे मात्र अजून सिंधमध्ये, मीरपूरखासजवळ आहेत आणि तेथून निघू पाहतात. ‘छळ होणाऱ्या अल्पसंख्याकांसाठी कॅनडा सरकारची पुनर्वसन योजना आहे, माणशी दीड लाख भरा, यादीत नाव घालतो,’ असे एक एजंट सांगतो. हे खरे आहे का? — एक वाचक, गांधीनगर (ता. करवीर)

उत्तर : एजंटाला एक रुपयाही देऊ नका. कॅनडात निर्वासितांचे पुनर्वसन होते हे खरे, पण अशी विकत मिळणारी यादी नसते. नेहमीच्या पद्धतीत संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित उच्चायुक्त कार्यालय आधी माणसाला निर्वासित ठरवते, त्यांतून छळातून वाचलेले, गंभीर आजारी, एकाकी स्त्रिया, निराधार मुले अशांची निवड करून एखाद्या देशाकडे शिफारस करते आणि शेवटचा निर्णय तो देश घेतो. या कामासाठी उच्चायुक्त कार्यालय पैसे घेत नाही. जगातील निर्वासितांपैकी वर्षाला एक टक्काही लोकांना ही संधी मिळत नाही.

तुमच्या नातलगांची खरी अडचण वेगळीच आहे. निर्वासित ठरण्यासाठी माणूस आपल्या देशाबाहेर असावा लागतो, आणि ते तर आपल्या घरीच आहेत. स्वदेशात राहणाऱ्यांनाही थेट घेणारा एक वर्ग कॅनडाच्या नियमांत पूर्वी होता; तो २०११ मध्ये काढून टाकण्यात आला. कॅनडातील पाच नागरिकांनी वा कायम रहिवाशांनी मिळून खर्च उचलण्याची सोय होती, पण तीही देशाबाहेर पडलेल्यांसाठीच; शिवाय नोव्हेंबर २०२४ मध्ये तिचे नवे अर्ज घेणे थांबवण्यात आले. भूतानमधून हाकलल्या गेलेल्या नेपाळीभाषकांचे उदाहरण पाहा : नेपाळमधील छावण्यांत दीड दशकाहून अधिक काळ काढल्यानंतर, परतही जाता येईना आणि तेथेही सामावले जाईनात, म्हणून २००७ पासून एक लाखाहून अधिक लोकांना अमेरिकेसह आठ देशांनी घेतले. त्यांतही बहुतेक एकट्या अमेरिकेने.

तुमच्या आजोबांना खोली मिळाली तो व्यवहार या चौकटीतला नव्हे. फाळणीने विस्थापित झालेल्या आपल्याच माणसांना सरकारने दिलेला तो आसरा होता. त्या बराकीत आधी राहून गेलेल्या पोलिश लोकांचे प्रकरण मात्र तुमच्या प्रश्नाच्या जवळ येते. सोव्हिएत राजवटीने १९४०-४१ मध्ये सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलेल्यांपैकी सुमारे पाच हजार जण, बहुतांशी स्त्रिया व मुले, इराणमार्गे १९४३ पासून वळीवड्याला आले. करवीरच्या मातीत त्यांना कायमचे वसवायचे असे कोणीच ठरवले नव्हते. पण युद्ध संपल्यावर कम्युनिस्ट पोलंडमध्ये परतण्याची अनेकांची तयारी नव्हती. ब्रिटनने १९४७ मध्ये पोलिश पुनर्वसनाचा खास कायदा केला आणि वळीवड्यातली बरीच कुटुंबे तिकडे गेली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातील स्मारक त्यांचेच आहे, येता-जाता पाहिले असेल.

आता तुमच्या हातात काय आहे ते पाहू. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही, त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न व्हिसा आणि नागरिकत्वाच्या कायद्यांतूनच सुटतो. नागरिकत्व कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीचा लाभ पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांनाच आहे. २०२५ मध्ये केंद्राने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या याच समुदायांना पासपोर्ट-व्हिसाच्या अटींतून सूट दिली, तिलाच पुष्कळ जण नागरिकत्वाची वाढीव मुदत समजतात. तो गैरसमज आहे. यापुढे येणाऱ्या पाकिस्तानी हिंदूंसाठी दीर्घ मुदतीचा व्हिसा आणि त्यानंतर सर्वसाधारण नियमाने, म्हणजे साधारण १२ वर्षांच्या वास्तव्यानंतर, नागरिकत्वाचा अर्ज हा मार्ग राहतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे रद्द झाले तेव्हाही हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसे कायम राहिले. परंतु नव्या व्हिशांची सेवा त्याच वेळी स्थगित झाली होती. म्हणून तिकडची घरे-जनावरे विकायला सांगण्यापूर्वी जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयातील परकीय नागरिक शाखेत आजची स्थिती विचारा आणि नातलगांच्या पासपोर्टच्या प्रती जवळ ठेवा. त्या प्रती एजंटाला यापूर्वीच पाठवल्या असतील, तर पोलिसांत तक्रार करताना तेही लिहून द्या.